दार उघडणारे घर



या सदरासाठी जी पत्रे येतात त्यांत मुलांचा अभ्यास, सासर-माहेरच्या अडचणी, वडीलधाऱ्यांची आजारपणे अशा घरगुती विषयांची पत्रे बहुसंख्य असतात. गेल्या महिन्यात विदर्भातील एका भगिनींकडून आलेले पत्र मात्र निराळे होते. परदेशांत लहान मुलांची खरेदी-विक्री होते, त्यांना कामाला जुंपले जाते, त्यांच्या शरीराचाही व्यापार होतो, हे त्यांनी वाचले आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. अशा मुलांना सोडवून त्यांचे संगोपन करणारी एक संस्था एका कुटुंबाने आपल्या घरापासून सुरू केली, ही हकीकतही त्यांच्या वाचनात आली. घरातील चौघांनी मिळून दरमहा काही रक्कम बाजूस टाकावी व ती अशा एखाद्या कार्यास द्यावी, असे त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात, "आमच्यासारख्या सामान्य कुटुंबाच्या हातून याहून अधिक काय होणार? आणि दिलेला पैसा सत्पात्री पडला हे ओळखावे कसे?"

पत्राखाली ताजा कलम होता : "पत्र लिहिण्यास फार दिवस लागले. आता बाळाला सांभाळण्यासाठी गावाकडून एक बारा वर्षांची मुलगी आणली आहे, त्यामुळे थोडी सवड मिळते. मुलगी गुणी आहे, अगदी घरच्यासारखी राहते."

हे पत्र मी दोनदा वाचले. पत्रातील प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नाही. ताज्या कलमाविषयी लिहावे की लिहू नये, याचा विचार करण्यात मात्र आठ दिवस गेले. शेवटी दोहोंविषयी लिहावयाचे ठरविले. कारण ही दोन्ही प्रकरणे निराळी नाहीत.

आधी एका घराची गोष्ट सांगते. ज्या शहरात बसून मी हे सदर लिहिते त्या चेन्नईतीलच ती आहे. १९९६ पर्यंत या शहराचे सरकारी नाव मद्रास होते. शहराच्या दक्षिणेस अड्यार नावाचा भाग आहे. तेथे 'अव्वै होम' ही मुलींची संस्था आहे. तमिळ मुले अक्षरओळख करून घेताना ज्या अव्वैयार नावाच्या कवयित्रीची लहान-लहान नीतिवचने पाठ करतात, तिचे नाव या संस्थेस दिलेले आहे. 'अव्वै' या शब्दात आजीचे वात्सल्य आणि वडीलधाऱ्या स्त्रीविषयीचा आदर अशा दोन्ही छटा आहेत. आईबापांचे छत्र नसलेल्या मुलींना ज्या घरात आसरा द्यावयाचा, त्यास याहून चांगले नाव कोणते शोधणार?

हे घर उभारणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य होते. आई चंद्रम्माळ या देवदासींच्या कुळातील होत्या. मुलगी वयात आली म्हणजे तिने घरात बसावे, हा त्या काळचा शिरस्ता. मुथुलक्ष्मींनी तो मानला नाही. मुलांच्या कॉलेजात प्रवेश मिळविताना गावातून विरोध झाला तेव्हा संस्थानच्या राजांनीच अनुमती दिली. पुढे त्या मद्रास मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ साली डॉक्टर झाल्या. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपणांस बरोबरीने वागवावे आणि आपल्या कार्यात आडकाठी आणू नये, ही अट त्यांनी विवाहापूर्वीच घातली होती, आणि यजमानांनी ती पाळली. वाचकहो, पुढे जे घडले त्याचा पाया या अटीत आहे, हे विसरू नये. दार उघडावयाचे तर घरातील दोघांची त्यास संमती असावी लागते.

१९२७ साली मद्रास कायदेमंडळात त्यांनी पाऊल ठेवले. ब्रिटिश हिंदुस्थानातील त्या पहिल्या स्त्री-सभासद होत. सभागृहाने त्यांची उपाध्यक्ष म्हणूनही निवड केली. त्यांनी हाती घेतलेल्या प्रश्नांत एक प्रश्न त्यांच्या आईच्या कुळाचा होता. लहान मुलींना देवास वाहण्याची चाल दक्षिणेत जुनी होती. मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने ताळी बांधावयाची. मग तिने कोणा एकाची पत्नी व्हावयाचे नाही. आपल्याकडे यल्लम्माची जोगतीण, खंडोबाची मुरळी, गोमंतकातील भावीण ही याच चालीची भावंडे. देवाचे नाव घेऊन मुलगी वाहावयाची आणि मग गावातील एखाद्या धनिकाने तिचा भोग घ्यावयाचा, हा त्यातील व्यवहार होता. ज्या वयात मुलीला आपणांस काय केले जात आहे हे कळतही नाही, त्या वयात तो ठरविला जात असे.

१९२७ च्या नोव्हेंबरात मुथुलक्ष्मींनी या चालीविरुद्ध मांडलेला ठराव सभागृहाने संमत केला. पण ठरावाने चाल मोडत नाही. ती कशावर उभी आहे, हे पाहावे लागते; आणि येथे त्यांच्या बुद्धीची खरी परीक्षा झाली. अनेक देवदासी घराण्यांकडे देवळाच्या इनाम जमिनी होत्या. जमीन सेवेच्या बदल्यात मिळालेली. घरातील एखादी मुलगी देवास वाहिलेली असेल तोवर जमीन घरात. सेवा करणारी कोणी न राहिली तर जमीन गेली. म्हणजे मुलीच्या गळ्यातील ताळी हीच जमिनीची सनद झाली होती. आईला मुलगी नको असे थोडेच होते? पण एका मुलीच्या आयुष्यावर सर्व घराचे पोट अवलंबून ठेवले, की मायेचेही हात बांधले जातात. १९२९ साली धर्मादाय संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून या जमिनी सेवेच्या बंधनातून मोकळ्या करण्यात आल्या. जमीन घराकडेच राहिली आणि तिच्यासाठी मुलगी वाहण्याचे कारण उरले नाही. देवास वाहण्याच्या चालीवर संपूर्ण बंदी घालणारा कायदा मद्रासमध्ये १९४७ साली झाला. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ साली झाला होता.

हा सारा बदल सुखासुखी झाला, असे समजू नये. पुष्कळ देवदासींनीच या कायद्यास विरोध केला. बंगळूर नागरत्नम्मा यांच्यासारख्या थोर गायिकेने त्याविरुद्ध आवाज उठविला. आमची कला, आमची मिळकत, आमचा मान हिरावून घेऊन आम्हांस सरसकट पतित ठरवू नका, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. ज्या बायकांचे अर्धे आयुष्य त्या चालीत गेले होते त्यांना कायद्याने पर्यायी उपजीविका दिली नाही, आणि समाजाने त्यांचे नृत्य उचलून घेतले तरी त्यांना स्वतःला दूर ठेवले, असे आज अभ्यासक लिहितात. दुसऱ्या बाजूस, अशाच घरात वाढलेल्या मूवलूर रामामिर्तम् अम्मैयार या गावोगाव हिंडून चाल मोडण्याविषयी बोलत होत्या. आज मागे वळून पाहताना दोन्ही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत कायदा कठोर झाला. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलीचे भवितव्य तिला न विचारता कोणी विकू नये, या मूळ मुद्द्यावर मुथुलक्ष्मींचे म्हणणे खरे होते.

१९३० साली गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. आता त्या केवळ एक डॉक्टर, एक गृहिणी आणि दोन मुलांची आई होत्या. याच सुमारास अशा कुळातील काही मुली त्यांच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाहिले जाण्याचे नव्हते, शिकावयाचे होते. पण शहरातील वसतिगृहे त्यांना घेईनात. कूळ कोणते म्हणून विचारले आणि उत्तर ऐकले, की दार बंद होत असे. सभागृहात ज्यांच्या वतीने भाषणे केली त्या मुली आता उंबरठ्यावर उभ्या होत्या. मुथुलक्ष्मींनी त्यांना घरात घेतले. १९३०-३१ मधील या घटनेतूनच अव्वै होम उभे राहिले.

वाचकहो, त्या प्रसंगाचा मी अनेकदा विचार करते. भाषण करणे सोपे असते असे नाही. पण भाषणानंतर माणूस आपल्या घरी परत येतो. येथे प्रश्नच घरी आला होता. शेजारीपाजारी काय म्हणतील, रुग्णांवर काय परिणाम होईल, आपल्या मुलांबरोबर या मुली एका छपराखाली राहतील ते चालेल काय, हे प्रश्न त्या घरातही उठले असतीलच. तरी दार उघडले गेले.

दार उघडल्यावर काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. मुलींना केवळ अन्नवस्त्र देऊन दयेवर ठेवले नाही. त्यांना शाळेत घातले. शिक्षिका, परिचारिका म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे शिक्षण त्यांना मिळावे, याकडे लक्ष दिले. कारण मुथुलक्ष्मींना जमिनीचा धडा पाठ होता. पोटाची सोय नसेल तर सुटलेली मुलगी पुन्हा त्याच वाटेला लागते. संस्था पुढे अड्यारला गेली आणि वाढली. मुलींची शाळा झाली. प्रथम देवदासी कुळांतील मुलींसाठी उघडलेले दार पुढे सर्वच निराधार मुलींसाठी उघडे राहिले. याच घराने चेन्नईला आणखी एक देणगी दिली. मुथुलक्ष्मींची धाकटी बहीण १९२३ साली कर्करोगाने गेली होती. त्या दुःखातून १९५४ साली अड्यारची कर्करोग संस्था अवघ्या बारा खाटांनिशी सुरू झाली, आणि त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती यांनी तिला आपले आयुष्य दिले. १९५६ साली मुथुलक्ष्मींना पद्मभूषण हा किताब मिळाला. २२ जुलै १९६८ रोजी त्या निवर्तल्या.

असे घर केवळ मद्रासेतच होते असे नव्हे. आपल्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली स्वतःच्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली प्लेगच्या साथीत याच डॉक्टर मुलाबरोबर सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करीत राहिल्या आणि त्याच रोगाने गेल्या.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. प्रीती पाटकर समाजकार्याचे शिक्षण घेत असताना कामाठीपुऱ्यात गेल्या. तेथे एकाच घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रिया त्याच धंद्यात उभ्या असलेल्या त्यांनी पाहिल्या. आजी तेथे, आई तेथे आणि आता नातही तेथेच. त्यांनी व त्यांचे पती प्रवीण पाटकर यांनी १९८६ साली 'प्रेरणा' ही संस्था सुरू केली. मातांशी बोलता-बोलता त्यांना कळले की खरी अडचण रात्रीची आहे. दिवसा मूल शाळेत जाऊ शकते. पण रात्री आई गिऱ्हाईक घेते त्या वेळी मुलाने कोठे जावे? खाटेखाली झोपावे, रस्त्यावर हिंडावे, की दलालाच्या नजरेस पडावे? म्हणून १९८८ साली त्यांनी रात्रीचे पाळणाघर सुरू केले. संध्याकाळी मुले यावीत, जेवावीत, अभ्यास करावा, निजावे आणि सकाळी शाळेत जावे. 'मुलांना वाचवा' अशी घोषणा करणारे पुष्कळ होते. रात्री मूल कोठे झोपते, हा साधा प्रश्न मात्र फारच थोड्यांना सुचला होता.

आता परदेशांविषयी, कारण आमच्या भगिनींचा प्रश्न तेथून निघाला. मुलांच्या व्यापाराची व्याख्या संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली केलेल्या करारात आहे. तीत एक वाक्य फार मोलाचे आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत बळजबरी, फसवणूक, लालूच अशा साधनांचा उपयोग झाला काय, हे पाहावे लागते. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत ते पाहण्याचे कारणच नाही. शोषणासाठी मुलाला नेले, ठेवले अथवा स्वीकारले, एवढे पुरे. मूल 'हो' म्हणाले होते, आईबापांनी राजीखुशीने पाठविले होते, ही सबब चालत नाही.

हा व्यापार किती मोठा आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १६ कोटी मुले मजुरी करीत होती. २०२४ सालचा आकडा सुमारे १३ कोटी ८० लाख आहे. आकडा उतरला, हे समाधानाचे. तरी भारतातील बहुतेक राज्यांच्या लोकसंख्येहून तो मोठा आहे, हेही ध्यानी घ्यावे. यांतील प्रत्येक मूल विकलेले आहे असे नव्हे. पण विकणारा याच गर्दीत आपले भक्ष्य शोधतो.

आखातातील उंटांच्या शर्यतींचे उदाहरण आपणांपैकी काहींना आठवत असेल. शर्यतीच्या उंटावर बसावयास हलके मूल लागे. म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतून चार-पाच वर्षांची मुले आणली जात. त्यांचे वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर जेवण देत नसत. २००५ साली संयुक्त अरब अमिरातीने अठरा वर्षांखालील मुलांना उंटावर बसविण्यास मनाई केली आणि युनिसेफच्या साहाय्याने हजाराहून अधिक मुले मायदेशी परत पाठविली. उंटांच्या पाठीवर आता लहान यंत्रे बसविली जातात. पण परत आलेल्या मुलांपैकी काहींना त्यांच्या आप्तांनीच पाठविले होते, असे आढळले. मुलाला विमानात बसवून घरी धाडले एवढ्याने काम संपले नाही. गावी शाळा व घराला मिळकत यांची तजवीज करावी लागली. मद्रासच्या इनाम जमिनीची गोष्ट येथे पुन्हा भेटते. मुलाला ज्या दोराने बांधलेले असते त्याचे दुसरे टोक बहुधा घरच्या चुलीला बांधलेले असते.

यावरून दान देताना काय पाहावे, हे ठरविता येते. पहिली गोष्ट, संस्था मुलांच्या घरच्यांचा शोध घेते काय? कित्येक देशांत अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप हयात असतो, असे पाहणीत आढळले आहे. परदेशी पाहुणे येतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढतात, पैसे देतात. आणि पैसे मिळतात म्हणून गावोगावची मुले आणून आश्रम भरले जातात. म्हणजे दानामुळेच मुलांना मागणी निर्माण होते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही आपल्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. दुसरी गोष्ट, संस्था मुलांचे चेहरे व नावे दाखवून पैसा मागते काय? आपल्या देशात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. जी संस्था मुलीचे दुःख नावानिशी छापते, तिला मुलीपेक्षा देणगीची काळजी अधिक आहे असे समजावे. तिसरी गोष्ट, संस्था नोंदलेली आहे काय, हिशेब दाखविते काय, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलांचे पुढे काय झाले हे सांगू शकते काय? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर खुशाल द्यावे. संस्था दूरची असो वा जवळची. पण जवळची असेल तर तिच्या कारभारावर आपली नजर राहू शकते, एवढा लाभ आहे.

आता ताजा कलम.

भगिनींनो, येथे उपदेशकाच्या पाटावर बसण्याचा मला अधिकार नाही. मी लहान असताना आमच्या तालुक्याच्या गावी आमच्याही घरी एक मुलगी होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असेल. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिला आणले होते. आई तिला कधी टाकून बोलली नाही. दिवाळीला मला फ्रॉक घेतला तेव्हा तिलाही घेतला. ती स्वयंपाकघरात निजत असे. मी शाळेतून आले की माझे दप्तर उचलून खुंटीला लावत असे. एके दिवशी माझे पुस्तक उघडून तिने एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय लिहिले आहे?" मी हसले. एवढी मोठी मुलगी आणि तिला 'कमळ' वाचता येत नाही, याचे मला हसू आले. तिने पुस्तक मिटून दप्तरात ठेवले आणि पुन्हा कधी विचारले नाही. पुढे भाऊ शाळेत जाऊ लागला, तिचे काम संपले आणि तिला आणून देणारा मनुष्यच तिला घेऊन गेला. कोठे नेले, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. आज मी शब्दांवरच पोट भरते. पण तिचे पूर्ण नाव मला ठाऊक नाही.

आम्ही वाईट माणसे नव्हतो. 'घरच्यासारखी' हा शब्द आमच्याही घरी होता. पण घरची मुलगी शाळेत जात होती आणि घरच्यासारखी मुलगी जात नव्हती.

म्हणून त्या विदर्भातील भगिनींना माझे विनवून सांगणे आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास आपल्या देशात १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. मुलांनी आपल्याच कुटुंबाला शाळेनंतर हातभार लावण्यापुरती सवलत आहे. दुसऱ्याच्या घरच्या बाळाला सांभाळणे त्यात बसत नाही. ठेवणाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क २०१० च्या एप्रिलपासून कायद्याने मिळाला आहे. आपण हे जाणून-बुजून केले नसेल. पण आता कळल्यावर दुर्लक्ष करू नये.

मात्र घाबरून एक चूक करू नका. मुलीला चार पैसे देऊन एस.टी.त बसवून देऊ नका, आणि जो कोणी तिला घेऊन आला त्याच्या हवाली तर मुळीच करू नका. तो तिला दुसऱ्या घरी, दुसऱ्या शहरी पोहोचवील. आणि पुढचे घर आपल्या घरासारखे असेलच असे नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर सरकारमार्फत चालते. तेथे दूरध्वनी करावा, अथवा आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जावे. घडले ते लपवू नये. समिती मुलीचे म्हणणे ऐकते, घरची परिस्थिती तपासते आणि घरी पाठवावे की वसतिगृहात ठेवावे, हे ठरविते. मुलीने जितके दिवस काम केले तितक्या दिवसांची पुरी मजुरी तिच्या नावे जमा होईल असे पाहावे. आणि जी रक्कम आपण दरमहा परदेशी पाठविणार होता, तिचा काही भाग या मुलीच्या शाळेकडे, तिच्या आईच्या अडचणीकडे वळविता येईल काय, याचा चौघांनी मिळून विचार करावा. तिच्या आईने तिला का पाठविले, हे एकदा विचारून पाहा. उत्तरात बहुधा एखादे कर्ज, एखादे आजारपण किंवा बुडालेले पीक निघेल. मुथुलक्ष्मींना इनाम जमीन दिसली, पाटकर दांपत्याला रात्र दिसली. आपणांस जे दिसेल तेथून आरंभ करावा.

बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. बाळाचे आईपण एकट्या आईवर टाकले की अशी वेळ येते. गावातील एखाद्या प्रौढ बाईला योग्य पगारावर ठेवावे, अंगणवाडीची अथवा पाळणाघराची चौकशी करावी, आणि घरातील पुरुषमंडळींनीही बाळ घ्यावयास शिकावे. डॉ. सुंदर रेड्डी यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पत्नीच्या कार्याला आडकाठी करणार नाही असे वचन दिले. आजच्या घरांत त्याहून थोडे अधिक अपेक्षिण्यास हरकत नसावी.

इतर वाचकांनाही एक सुचवावेसे वाटते. आपल्या घरी नसेल. पण शेजारी, आप्तांकडे, जेथे आपण चहा पितो त्या हॉटेलात, इमारतीच्या बांधकामावर असे एखादे मूल आपण रोज पाहत असू. काळजीची गरज असलेले मूल आढळले तर पोलिसांना, १०९८ ला अथवा समितीला कळवावे. संबंध बिघडतील, ही भीती मला समजते. मद्रासच्या त्या घरालाही ती वाटली असेल.

त्या भगिनींचे उत्तर आले तर, त्यांची अनुमती असल्यास, मुलीचे नावगाव न सांगता पुढील एखाद्या अंकात कळवीन. ती शाळेत जाऊ लागली आहे, एवढीच एक ओळ आली तरी माझ्या या महिन्याच्या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन. आपल्या परिसरात अशा मुलांसाठी दार उघडणारे एखादे घर असेल तर त्याविषयी आम्हांस अवश्य लिहावे.

आपली,
संपादिका